बी तिथली, गरही तिथलाच: आमची वाटचाल

आमचा काजूचा कारखाना कुडाळजवळ, बाबांनी १९८८ साली घातलेला. चार बायका, एक भट्टी आणि खळ्यात वाळत घातलेली बी, एवढंच भांडवल. आपल्याकडची बी फेब्रुवारी ते मे. पावसाळा अर्धा सरला की माल संपायचा आणि बायका घरी बसायच्या. ते टाळायला बाबा 'आफ्रिकन बी' घ्यायला लागले. पोत्यांवर पोर्तुगीजमध्ये काहीतरी छापलेलं असायचं. ते वाचायची गरज आम्हाला कधी पडली नाही.

२०११ साली मधल्या दलालाला कंटाळून मी स्वतःच मोझांबिकला गेलो. उत्तरेकडचा नाम्पुला प्रांत, नाकाला बंदर. तिथली बी ऑक्टोबरला सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत उरकते, म्हणजे आपल्या हंगामाच्या नेमकी उलट. हिशोब सोपा होता: दोनशे टन उचलायचे आणि परत यायचं.

मोनापोच्या रस्त्यावर एक बंद पडलेला भलामोठा काजू कारखाना दिसला. पत्रे उडालेले, आत झाडं उगवलेली. दारात एक म्हातारा वॉचमन होता. तो पूर्वी तिथेच कामाला होता. कुठून आलात म्हणाला. इंडिया, म्हटलं. तो हसला आणि दुभाष्यामार्फत म्हणाला, "हां, म्हणजे आमची बी तुमच्याकडेच जाते." रागाने नाही म्हणाला, पण मला ते लागलं.

मागची गोष्ट मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगात सर्वात जास्त काजू पिकवणारा देश होता, वर्षाला दोन लाख टनांच्या वर. १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं, पोर्तुगीज गेले, आणि १९७७ पासून सोळा वर्षं यादवी युद्ध. दहा लाखांच्या आसपास माणसं त्यात आणि त्याने आणलेल्या उपासमारीत गेली, पन्नास लाख घरदार सोडून परागंदा झाली. काजूचं झाड सोसणारं असतं, पण भोवतीचं रान साफ करायला माणूस लागतो. माणसंच नव्हती, वणवे लागले, नवी लागवड झाली नाही. ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये तह झाला. सुरुंग काढायला पुढे वीस-बावीस वर्षं लागली, देश सुरुंगमुक्त जाहीर झाला तो २०१५ साली. आमच्या ओळखीचा एक शेतकरी आजही ओढ्यापलीकडच्या झाडांखाली जात नाही. साफ झालंय हे त्याला माहीत आहे, तरी पाय उचलत नाही.

तहानंतर कारखाने हळूहळू उभे राहत होते. तेवढ्यात जागतिक बँकेने कर्ज देताना अट घातली: कच्च्या बीवरचा निर्यात कर उतरवा, म्हणजे शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कर उतरला, बी जहाजाने थेट भारतात जायला लागली. कारखान्यांत दहा हजारांच्या आसपास कामगार होते, २००१ पर्यंत त्यांतले बहुतेक घरी बसले. आणि शेतकऱ्याला काय मिळालं? अर्थशास्त्रज्ञांनी नंतर मांडलेला हिशोब असा, की काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात वर्षाला फार तर पाच डॉलर तीस सेंट. त्याच काळात आमच्या कारखान्यात चारच्या बावीस बायका झाल्या होत्या. आम्ही काही गुन्हा केला नाही. पण त्या बावीस पाटांपैकी काही पाट आधी तिकडे मांडलेले होते, हे खरं.

आम्ही तिकडे गेलो ते पुण्य करायला नव्हे. ऐंशी किलोच्या पोत्यातून सेहेचाळीस पौंड गर निघाला तर माल चांगला समजतात, म्हणजे बाकी साठ किलोच्या जवळपास टरफल, साल आणि ओल. एवढं टरफल समुद्रापार वाहून आणायचं कशाला, हा साधा व्यापारी प्रश्न होता. शिवाय १९९९ साली त्यांच्या संसदेने कच्च्या बीवर पुन्हा १८ ते २२ टक्के कर बसवला होता आणि लहान, हाताने चालणारे कारखाने नाम्पुलात परत दिसू लागले होते. जुने कारखाने मोठ्या यंत्रांचे होते, त्यात गराचा चुरा फार व्हायचा. नवे मात्र आपल्यासारखे: बी वाफवायची, पायाने दाबायच्या कटरवर फोडायची. ते आम्हाला येत होतं. बाबा एवढंच म्हणाले, "बी इकणारो गरीब आणि गर इकणारो कर्जात. तुका काय व्हयां ता बघ."

२०१३ च्या नोव्हेंबरात मोनापोजवळ भाड्याच्या गोदामात तीस बायकांवर काम सुरू केलं. शिकवायला कुडाळच्या आमच्या दोन जुन्या बायका तीन महिन्यांसाठी नेल्या. एकीने त्याआधी मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. त्यांना पोर्तुगीज येत नव्हतं आणि समोरच्या बऱ्याच जणींनाही येत नव्हतं, त्यांची भाषा माखुवा. शिकवणं सगळं हाताने चाललं. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं, म्हणून आधी हाताला तेल चोळायचं, मग राख. बी पात्यांमध्ये उभी धरायची, पाय दाबायचा, दांडा फिरवायचा आणि टरफल 'टक्' करून उघडलं की सुईने गर अलगद काढायचा. पहिल्या आठवड्यात अख्खा गर शंभरात चाळीससुद्धा येईना, नुसती पाकळी आणि कणी. दोघींतली एक, आमची काकी, चिडली की सरळ मालवणीत बोलायची. महिन्याभराने तिकडच्या बायका एकमेकींना "हळू, हळू" म्हणायला लागल्या. तो शब्द कारखान्यात अजून आहे.

(काजू हा शब्दही त्यांच्याकडे 'काजू'च. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून झाड आणलं ते गोव्यात आणि मोझांबिकमध्येही लावलं, आणि १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहूनच चालायचा. बोंडूची, म्हणजे काजूच्या फळाची, दारू दोन्हीकडे होते. आमच्या काकीने वासावरूनच ओळखली.)

चूक माझ्याकडून झाली ती डिसेंबरात. पाऊस पडला आणि निम्म्या बायका गायब. मी 'शिस्त नाही' म्हणून पगार कापले. पुढच्या आठवड्यात आणखी सहा गेल्या. मग सुपरवायझर बाईने समजावलं: पेरणी आहे. पगार बुडला तर पुढच्या महिन्यात मिळेल, पेरणी चुकली तर वर्षभराचा मका गेला. आपल्या कोकणात लावणीच्या दिवसांत कोण कारखान्यात येतं? हे मला तिकडे जाऊन दुसऱ्याने सांगावं लागलं. तेव्हापासून पेरणीत आम्ही अर्धी पाळी चालवतो. दुपारी घट्ट शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आणि घेवड्याची उसळ द्यायला लागलो तेव्हा हजेरी कधी नव्हे इतकी सुधारली.

माखुवा लोकांत वंश आईकडून चालतो आणि नवरा बायकोच्या माणसांत राहायला येतो. त्यामुळे आमच्याकडचा पगार बराचसा बाईच्याच हातात राहतो. पहिल्या वर्षी बऱ्याच जणींनी पत्रे घेतले. गवती छपरांच्या वस्तीत चकचकीत पत्रा दिसला की ती आमच्याकडची. गरिबी हटली वगैरे मी म्हणणार नाही. जेवण, पत्रा, मुलाच्या वह्या, त्यापलीकडे हा पगार जात नाही.

या धंद्याचं खरं दुखणं यंत्र नाही, कामगारही नाही. वर्षभराची बी तीन महिन्यांत रोखीने घ्यावी लागते. पैसे असतील तेवढी बी, बी असेल तेवढे दिवस काम. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने लपवलेली कर्जं उघडकीस आली, आधीच घसरत असलेलं तिथलं चलन मेटिकल कोसळलं, दोनेक वर्षांत डॉलरला तीसवरून ऐंशीच्या जवळ गेलं. माल डॉलरमध्ये विकणाऱ्या आम्हाला ते कागदावर फायद्याचं होतं. पण २०१७ मध्ये बँकेचं व्याज पंचवीस टक्क्यांच्या वर होतं, आणि बायकांचा तांदूळ-तेल महाग झालं ते वेगळंच. त्या वर्षी बी सात महिन्यांत संपली, एकशे दहा बायकांना पाच महिने काम नव्हतं. दारात उभं राहून ते सांगायचं काम मी सुपरवायझरवर ढकललं, याची लाज वाटते.

मार्च २०२२ मध्ये गोंबे चक्रीवादळ आलं. बोरम्याचं, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीचं, छप्पर उडालं, वाळत लावलेला चार टन गर भिजला. शेतकऱ्यांचं नुकसान त्याहून मोठं, कारण पडलेल्या झाडाच्या जागी लावलेलं रोप धरायला तीन-चार वर्षं जातात. शिवाय २०१७ पासून शेजारच्या काबो देल्गादो प्रांतात नवी लढाई सुरू आहे, तिथून पळालेली माणसं नाम्पुलात येतात. सध्या आमच्या सोलाई विभागात अशा अकरा जणी आहेत. एक तर अशी, जिच्या आईने मागच्या युद्धात गाव सोडलं होतं. तिची सोलाई सगळ्यांत स्वच्छ आहे, बोटं जणू स्वतंत्र चालतात. फक्त बॉयलरची शिट्टी अचानक वाजली की ती उठून दारापर्यंत जाते. आता शिट्टीआधी आम्ही घंटा वाजवतो.

सध्या तिकडे एकशे चाळीस जण आहेत, त्यांत एकशे अठरा बायका. कुडाळचा कारखानाही चालू आहे, पण तिथे आता आपली वेंगुर्ल्याची बीच फोडतो, आणि ती संपली की बंद ठेवतो. यावरून घरात वाद होतात. आमचं काम तिकडे गेलं, हे कुडाळच्या बायकांचं म्हणणं खोटं नाही.

झाडांना मोहोर बरा आहे असं काल फोनवर कळलं. ऑक्टोबरच्या खरेदीला लागणाऱ्या रकमेपैकी साठ टक्के जमलीय. बाकीसाठी मंगळवारी बँकेत बोलावलंय.