हरीचे छत्तीस अध्याय

आमच्या आजीने हॅरी पॉटरला हॅरी कधी म्हटलं नाही. ती हरीच म्हणायची. "तुझ्या त्या हरीला उचल आधी, पानं वाढायची आहेत," असं म्हणाली की मी मुकाट्याने टेबलावरचं पुस्तक उचलायचे. २००७ च्या जुलैत सातवं आणि शेवटचं पुस्तक घरात आलं, तेव्हा तिने ते हातात घेतलं, बाजारात कोबीचा गड्डा जोखावा तसं जोखलं आणि विचारलं, "अध्याय किती?"

मी अनुक्रमणिका बघितली. "छत्तीस. आणि शेवटी एक छोटा उपसंहार."

"म्हणजे हरिविजयाएवढेच की!"

श्रीधरस्वामींच्या हरिविजयाचे अध्याय छत्तीसच. आषाढी एकादशीला आजी लाल फडक्यातून ती पोथी सोडायची आणि चातुर्मास संपेतो सावकाश पुरवायची. छत्तीसचा हा निव्वळ योगायोग, पण आजीने तो तसा घेतलाच नाही. त्या दिवसापासून इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरात दोन हरी नांदू लागले, एक देवघरात आणि एक माझ्या उशीखाली. नियम दोघांनाही तिचेच.

सातवं पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं. लंडनमध्ये मध्यरात्री दुकानं उघडली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. आमच्या दुकानदाराने एवढी तपश्चर्या केली नाही, पण त्या शनिवारी शटर नेहमीपेक्षा लवकर वर केलं. दादा येताना पोहेही घेऊन आला, त्यामुळे माझ्या प्रतीच्या पहिल्या पानावर अजून जिरावण मसाल्याचा डाग आहे. दुसऱ्या रात्री वीज गेली. तेहेतिसावा अध्याय, म्हणजे स्नेप या मास्तराच्या आठवणींचा, मी इमर्जन्सी लाइटच्या पांढऱ्या उजेडात वाचला आणि सकाळी डोळे का सुजले असं आईने विचारल्यावर दोष त्या लाइटला दिला.

म्हणजे शेवटचा सिनेमा आला तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. कोण मरतं, कोण वाचतं, कुणाची जादूची कांडी कुणाचं ऐकते, सगळं. आजीचा प्रश्न रास्त होता, "मग पैसे मोडून बघायचंय काय?"

हे विचारणारी बाई स्वतः काय करायची ते सांगते. कृष्णजन्मापासून कंसवधापर्यंतची कथा तिला पाठ होती. तरी कुठे कीर्तन आहे असं कळलं की गुडघ्यांना तेल लावून निघायची. परत आली की चपला काढता काढता निकाल. "बुवांनी आज कुब्जा गाळली. परतीची बस गाठायची असेल." किंवा, "कालियामर्दनाला पाऊण तास आणि कंस पाच मिनिटांत? हे काय कीर्तन झालं?" तिला बुवांकडून नवं काही नको होतं. ठाऊक असलेलं सगळं ठाऊक असलेल्या ठिकाणी, योग्य तेवढा वेळ देऊन यायला हवं होतं. एवढं झालं की ती आरतीच्या ताटात घसघशीत नोट टाकायची. आजीला फॅन हा शब्द छतावरच्या पंख्यापुरताच माहीत होता, ही गोष्ट वेगळी.

तरी बुवा पुढच्या वर्षी पुन्हा येतात. गाळलेली कुब्जा पुढच्या खेपेला घेता येते. शेवटच्या सिनेमाचं दुखणं इथेच आहे. आधीच्या प्रत्येक सिनेमात काही ना काही सुटलं होतं आणि आम्ही ते उधारीच्या वहीत लिहून ठेवलं होतं. माझ्या धाकट्या चुलत भावाची वही सगळ्यात जाडी. त्याला पीव्ह्ज हवा होता, हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत सगळ्यांना छळत हिंडणारा तो वाह्यात उपद्रवी. पहिल्या सिनेमासाठी रिक मेयाल या नटाला घेऊन पीव्ह्जचं चित्रीकरणही झालं होतं, पण ते कापलं गेलं. "शेवटच्या लढाईत येईल बघ," असं हा भाऊ एकेका सिनेमानंतर म्हणत आला होता. असं करत करत सात सिनेमांची थकबाकी आठव्याच्या नावावर चढली. दिवाळीला किराणा दुकानदार खातं मिटवतो, तसं १५ जुलै २०११ ला आमचं खातं मिटणार होतं.

आठवा म्हटलं, कारण सातव्या पुस्तकाचे त्यांनी दोन भाग केले. पहिला नोव्हेंबर २०१० मध्ये आला. त्यात खलनायक थडग्यातून एक बलाढ्य जादूची कांडी काढतो आणि पडदा काळा. पुढे आठ महिने थांबा. आजीला हे सांगितलं तेव्हा ती खरोखर चिडली. "अध्याय अर्धा ठेवून उठू नये, एवढंही कळत नाही का त्यांना?" मी निर्मात्यांची बाजू घेतली. म्हटलं, एवढं मोठं पुस्तक एका सिनेमात मावणार कसं, दोन केले म्हणजे काही सुटणार नाही. किती भाबडी होते मी. दुसरा भाग निघाला १३० मिनिटांचा, आठांतला सर्वांत छोटा.

त्या शुक्रवारी गुरुपौर्णिमा होती. आजीने सकाळी व्यासांची पूजा केली, शेवयांची खीर झाली, आणि रात्रीच्या शोला आम्ही चौघं भर पावसात दोन स्कूटरवरून एम. जी. रोडवरच्या मॉलकडे निघालो. चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवून अडीच तास बसणं हे काय असतं ते चष्मेवाल्यांनाच विचारा. मी त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आधी चांगलं सांगते. स्नेप. सात वर्षं मुलांना छळणारा, केस तेलकट, नाक वर, कुणाला म्हणून न आवडणारा मास्तर. आणि त्याच्या आठवणी उलगडल्यावर सगळा हिशेबच फिरतो. स्नेप झालेल्या अ‍ॅलन रिकमनला लेखिकेने या माणसाबद्दलचं एक गुपित फार आधी सांगून ठेवलं होतं म्हणतात. शेवटचे सिनेमे पाहिल्यावर आधीचे पुन्हा पाहावेत, तेव्हा त्याच्या डोळ्यांत ते दिसतं. थिएटरात त्या दहा मिनिटांत पॉपकॉर्नचा आवाज बंद झाला. माझ्या पुढच्या रांगेतला दाढीवाला मुलगा थ्रीडीचा चष्मा काढून डोळे पुसत होता. इमर्जन्सी लाइट नव्हता तिथे. आणि हे गुरुपौर्णिमेला! न आवडणाऱ्या मास्तरांसाठी वर्षातून एक दिवस असावा, तर तो हाच.

आता उधारी.

लढाईत हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरातले सगळे बुटके चाकर, म्हणजे एल्फ, सुरे-कोयते घेऊन धावून येतात, म्हातारा क्रीचर सगळ्यांच्या पुढे. पुस्तकातली ही जागा माझी फार लाडकी. कार्यालयातल्या आचाऱ्यांनी झारे-उलथणी परजून वरातीवर चालून आलेल्या गुंडांना पळवून लावावं, तसं ते दृश्य. ते नव्हतंच. पीव्ह्ज अर्थातच नव्हता. भाऊ अगदी शेवटची नावं सरकून दिवे लागेपर्यंत बसून राहिला. झाडूवाला आला तेव्हा उठला.

पण खरा घाव पुढेच आहे. पुस्तकात खलनायक मरतो तो भरल्या सभागृहात. पहाट झालेली, भिंतीला लागून सगळे उभे, मास्तर, विद्यार्थी, आईबाप, आणि मध्ये दोघं गोल गोल फिरत बोलताहेत. मग तो पडतो. साधा पडतो. ज्याचं नाव घ्यायलाही लोक भीत होते त्याचं प्रेत सगळ्यांसमोर फरशीवर पडलेलं राहतं, कुणाही म्हाताऱ्याचं पडावं तसं. सिनेमात दोघं बाहेर, पडक्या अंगणात, एकटेच. आणि तो मरतो म्हणजे त्याचे कागदाच्या जळक्या कपच्यांसारखे तुकडे होऊन हवेत उडून जातात. दिसायला सुंदर, पण बघायला कुणी नाही.

शो सुटला तेव्हा बारा वाजून गेले होते. इंदूरचा माणूस अशा वेळी घरी जात नाही, सराफ्यात जातो. दिवसा सोनं विकणाऱ्या दुकानांच्या बंद शटरांसमोर रात्री कढया चढतात. पाऊस थांबला होता, मका ताजा होता, भुट्ट्याचा कीस घेऊन आम्ही उभ्याउभ्या भांडायला लागलो. दादाला सिनेमा आवडला होता. "पुस्तकात काय वाटेल ते चालतं, पडद्यावर दोघंच हवेत," तो म्हणाला. मी म्हटलं, मग एवढी वर्षं ती सगळी माणसं लढली कशाला? भाऊ काहीच बोलत नव्हता, द्रोणाकडे बघत होता. गाडीवाल्याला राहवलं नाही. "क्या हुआ भिया, किसी के यहाँ ग़मी हो गई क्या?" दादा म्हणाला, हो, झाली. तर त्याने प्रत्येकाच्या द्रोणात पळीभर कीस जास्तीचा घातला. आम्ही तो गुपचूप खाल्ला.

सकाळी आजीला सगळी हकिगत हवीच होती. मी अंगणातलं मरण सांगितलं. तिने पोथीवरून मान वर केली.

"कुणीच बघितलं नाही?"

"नाही."

"मग लोकांनी मानलं कसं, गेला म्हणून? कंसाला कसं, भर रंगसभेत मंचावरून केस धरून खाली ओढला. सगळी मथुरा बघत होती. मेल्यावरही फरफटत नेला, लोकांना दिसावं म्हणून." मग जरा थांबून, "उडून गेला म्हणजे परत यायची भीती आलीच."

चार वर्षं जे मला नीट सांगता येत नव्हतं ते तिने देवघरात बसून दोन वाक्यांत सांगितलं. भागवतातही तसंच आहे, हरीने मेलेल्या कंसाला जग बघत असताना जमिनीवरून ओढत नेलं, सिंहाने हत्तीला न्यावं तसं. ज्याचं भय सगळ्यांनी सोसलं त्याचं संपणं सगळ्यांना दिसायला हवं. माझी अपेक्षा एवढीच होती, पण सराफ्यात कीस खाताना ती मला अशी मांडता आली असती तर दादाला हरवलं असतं.

बाबांचा आक्षेप वेगळा. ते आमच्या घरातले दुरुस्तीमंत्री; १९८६ सालचा मिक्सर त्यांनी अजून चालू ठेवला आहे. सिनेमात शेवटी हॅरी ती बलाढ्य कांडी मोडून दरीत फेकतो. पुस्तकात तो आधी तिच्याकडून स्वतःची मोडलेली जुनी कांडी सांधून घेतो, मग तिला जागच्या जागी ठेवायचं ठरवतो. बाबांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं, पाहिलेलं नव्हतं. नुसतं ऐकून म्हणाले, "फेकायच्या आधी आपली तरी नीट करून घ्यायची ना गाढवाने!"

उपसंहाराचं राहिलं. एकोणीस वर्षांनंतरचा तो रेल्वे फलाट, पस्तिशी उलटलेला हॅरी मुलाला गाडीत बसवायला आलेला. विशीतल्या नटांना पोट आणि सुरकुत्या लावून उभं केलेलं. ते दृश्य आधी जमलं नाही म्हणून पुन्हा चित्रित केलं होतं, तरी आमच्या थिएटरात हशा पिकलाच. मीही हसले, मोठ्याने. त्या फलाटावरचा हॅरी ३७ वर्षांचा. मी गेल्याच वर्षी त्याला मागे टाकलं. मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून परत फिरताना समोरच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःला बघते, आणि त्या रंगभूषाकाराला बोल लावण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही असं वाटतं.

आता सगळं पुन्हा होणार आहे म्हणे, पुस्तकं घेऊन मालिका करताहेत, नवी मुलं, नवा मास्तर. भावाने लगेच फोन केला. "या वेळी पीव्ह्जला जागा आहे." त्याने नवी वही उघडली असणार.

शेवटचा सिनेमा पाहिला त्या वर्षी कार्तिकी एकादशीच्या सुमारास आजीची पोथी संपत आली. छत्तिसावा अध्याय ऐकायला तिने मला मुद्दाम बोलावलं. संपल्यावर मी उठू लागले, तर हाताने थांबवलं. पानं उलटून ती पुन्हा पहिल्या अध्यायावर आली आणि सुरुवातीच्या पाच ओव्या तिने वाचल्या. मगच फडकं बांधलं. पोथी संपली म्हणून मिटायची नाही, सुरू करून ठेवायची, असा तिचा रिवाज.

"तूही कर तसं. काढ पहिलं पुस्तक," ती म्हणाली.

मी कपाटाशी गेले. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सहा पुस्तकं ओळीने होती. पहिलं २००९ मध्ये आत्तेबहिणीच्या नणंदेने दोन दिवसांत देते म्हणून नेलं होतं.

"आणायला जा की मग," आजी म्हणाली. "उज्जैनला तर आहे ती."

गेले होते. म्हणाली, शोधून ठेवते.