आई-बाबा येणार? आधी औषधांची पिशवी बघा

परदेशातल्या मुलांकडे राहायला येणाऱ्या आई-वडिलांच्या बॅगा भरताना वजनाची चर्चा रोज होते, औषधांची मात्र निघायच्या आदल्या रात्री. खरं तर औषधांचं काम महिनाभर आधीच सुरू करावं.

पहिलं काम म्हणजे डॉक्टरांकडून नवीन चिठ्ठी घेणं. त्यात ब्रँडच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा हवी, तीही छापील. ब्रँडचं नाव देश बदलला की निरुपयोगी ठरतं. शिवाय काही वेळा एकाच गोळीत दोन औषधं असतात, उदाहरणार्थ मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. अशी जोडगोळी सगळीकडे मिळतेच असं नाही; मूळ नावं हाताशी असली तर तिथला डॉक्टर दोन वेगळ्या गोळ्या लिहून देऊ शकतो.

साठा मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन आठवडे जास्तीचा ठेवा, कारण परतीचं तिकीट पुढे ढकललं जातंच. मात्र बऱ्याच देशांत सोबत किती महिन्यांचं औषध आणता येतं यावर मर्यादा असते. ट्रामाडॉल, कोडीन ही वेदनाशामकं आणि झोपेच्या काही गोळ्यांवर तर वेगळी बंधनं असतात. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर हे तपासा. ओळखीतल्या कुणी आरामात नेल्या, हा पुरावा नव्हे.

गोळ्या सुट्ट्या करून डबीत भरू नयेत. पट्टी कापतानाही जपावं: नाव आणि मुदतीची तारीख बहुतेकदा एका टोकाला छापलेली असते, म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढाव्यात. सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग हरवली तर कपडे विकत मिळतात, रक्तदाबाची गोळी चिठ्ठीशिवाय बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी फेकूनच द्यायचं. थंड पिशवीत नेताना बर्फाची पिशवी थेट टेकू देऊ नका. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं. नेमका आकडा औषधासोबतच्या पत्रकात बघा. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे आखूड होतो, त्यामुळे डोसचं गणित बिघडतं. प्रवासाच्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून तासांनुसार लिहूनच घ्या. रक्तदाबाच्या गोळीत काही तासांचा फरक सहसा चालतो, पण चुकली म्हणून एकदम दोन घ्यायच्या नाहीत.

लघवीची गोळी घेणारे ज्येष्ठ विमानात गोळीही टाळतात आणि पाणीही, कारण स्वच्छतागृहापर्यंत जायचा संकोच. वर तासन्‌तास पाय लोंबकळत बसणं, म्हणजे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढणारच. जागा मार्गिकेच्या कडेची घ्या, संकोच निम्मा होतो. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी मागा. मागताना 'जिने चढता येतात का', 'आसनापर्यंत चालता येतं का' या प्रश्नांची खरी उत्तरं द्या, कारण मदत त्यावरच ठरते. विम्याच्या अर्जात जुने आजार लपवू नका. त्यावरून दावा फेटाळला जाऊ शकतो.

मुक्कामी पोचल्यावर पहिला आठवडा सर्वांत जपायचा. झोपेचं घड्याळ उलटं झालेलं, स्नानगृहाची वाट नवी, रात्री तीनला अंधारात उठणं. पलंगापासून स्नानगृहापर्यंत लहान दिवे लावा, घसरणारी पायपुसणी उचलून ठेवा.

घरातल्या सर्दीच्या औषधांकडेही बघा. पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिटॅमिनोफेन एकच आहे. आई स्वतःजवळची तापाची गोळी घेते, वर मुलगा सर्दीचं औषध देतो आणि नकळत दुप्पट मात्रा जाते. त्याच औषधात नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असेल तर रक्तदाबही चढू शकतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) कुठे आणि कोणत्या तारखेला होणार, हे विमानात बसण्याआधीच ठरवून ठेवा. जेवण बदललं की आकडा हलतो.