नोगेच्या गल्लीतला बार

योकोहामा, शुक्रवार, रात्री उशिरा

साकुरागिचो स्थानकाच्या एका बाजूला बंदराचा नवा भाग आहे. तिथेच उंच इमारती, मोठा आकाशपाळणा आणि आमची परिषद भरली आहे ते पॅसिफिको सभागृह आहे. 1872 मध्ये शिंबाशीहून निघालेली जपानची पहिली रेल्वे जिथे येऊन थांबत असे, ते मूळ योकोहामा स्थानक हेच. स्थानकाच्या दुसऱ्या बाजूला बाहेर पडले की नोगे लागते. महायुद्धानंतर बंदरालगतचा बराचसा भाग अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेला, तेव्हा नोगेत काळा बाजार भरू लागला आणि त्या बाजाराच्या टपऱ्यांमागोमाग खाणावळी, बार आणि जाझ ऐकवणारी छोटी दुकाने इथे दाटीवाटीने उभी राहिली. दोन माणसे शेजारून चालली तर गल्ली भरते, आणि त्या गल्लीतही दर चार पावलांवर एक दार असते.

परवा रात्री जेवण झाल्यावर अशाच एका दारातून मी आत गेले. एकटीने बारमध्ये जाण्याची सवय मला नाही. पुण्यात आमच्या घराजवळ असलेला परमिट रूम मी वर्षानुवर्षे बाहेरूनच पाहत आले आहे. काळ्या काचा, दारात उभ्या मोटारसायकली आणि आत फक्त पुरुष, असे त्याचे रूप. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे पिणाऱ्याजवळ आजही परवाना असावा लागतो, आणि प्यायला बसलेल्या माणसाने जगापासून तोंड लपवावे अशीच त्या जागांची रचना असते. त्यामुळे दार ढकलताना, आता सगळे वळून माझ्याकडे पाहतील, हीच भीती मनात होती.

कोणीही वळून पाहिले नाही. काउंटरला सात-आठ खुर्च्या होत्या आणि त्यांपैकी तीनच भरलेल्या होत्या. पांढऱ्या शर्टावर काळे जाकीट घातलेल्या वयस्क मास्टरांनी (बारच्या मालकाला इथे सगळे मास्टरच म्हणतात) हाताने एक खुर्ची दाखवली, गुंडाळलेला गरम ओला रुमाल माझ्या हातात दिला आणि थोड्या वेळाने खारवलेल्या भाजीची छोटी वाटी पुढे ठेवली. मी कोण, कुठली, कोणाबरोबर आले, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. एकट्या बाईने रात्री नऊ वाजता तिथे येऊन बसणे ही कोणाला स्पष्टीकरण देण्याजोगी गोष्टच नव्हती, आणि ते लक्षात आल्यावर माझ्या खांद्यांवरचा ताण उतरला.

मला जड पेय नको होते. मास्टरांनी मोडक्या इंग्रजीत ‘बांबू’ सुचवले. शेरी (स्पेनमधली कडक वाइन) आणि कोरडे, म्हणजे गोड नसलेले, व्हर्माउथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समसमान घ्यायचे, वर संत्र्याच्या बिटर्सचे, म्हणजे कडवट अर्काचे, दोन थेंब टाकायचे, आणि झाले. हे पेय योकोहामाचेच मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या ग्रँड हॉटेलचे व्यवस्थापक असलेल्या लुई एपिंगर यांच्या नावाशी ते जोडलेले आहे. ते हॉटेल 1923 च्या भूकंपात नष्ट झाले, पण पेय टिकले आणि नोगेतल्या या काउंटरवर आजही मिळते.

ते तयार होताना मी टक लावून पाहत राहिले. मास्टरांनी आधी पेल्यात बर्फ घालून तो गार केला आणि सुटलेले पाणी ओतून टाकले. मग लांब दांड्याचा चमचा दोन बोटांत धरून ते असे ढवळू लागले की काचेवर बर्फाचा आवाजही येईना. बर्फ काचेइतकाच पारदर्शक होता. कारखान्यात पाणी सतत हलते ठेवून ते दोन-तीन दिवस सावकाश गोठवतात. त्यामुळे हवा आणि क्षार आत अडकत नाहीत, आणि अशी घट्ट लादी घरच्या फ्रिजमधल्या खड्यांपेक्षा कितीतरी हळू वितळते. पेल्यात उतरलेले पेय फिकट सोनेरी होते. त्याला बदामाचा आणि किंचित समुद्राच्या खारेपणाचा वास होता, आणि पहिल्या घोटात ते इतके हलके लागले की ही दारू आहे हे काही क्षणांनी जाणवले.

आज पुन्हा गेले. मास्टरांनी मला ओळखले आणि परवाच्याच खुर्चीकडे हात केला. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. आयुष्यभर बंदरात काम केलेला माणूस. फळीवर त्यांच्या स्वतःच्या व्हिस्कीची बाटली होती आणि तिच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली होती. नेहमीचे गिऱ्हाईक अख्खी बाटली विकत घेऊन इथेच ठेवते आणि येईल तेव्हा त्यातली थोडी पिते. मी भारतातली आहे हे कळल्यावर त्यांनी फोनवर भाषांतर करून मला विचारले, “यामाशिता उद्यानातला तुमच्या लोकांचा पाण्याचा मनोरा पाहिला का?” मी त्याबद्दल ऐकलेलेही नव्हते. मग मास्टर, ते गृहस्थ आणि पलीकडे बसलेली एक तरुणी अशा तिघांनी मिळून मला सगळे सांगितले. भूकंपात इथले भारतीय व्यापारीही मेले आणि जे वाचले त्यांना या शहराने आधार दिला. पुढे भारतीय समाजाने मृतांच्या स्मरणार्थ आणि शहराविषयीच्या कृतज्ञतेपोटी तो मनोरा बांधून दिला. घुमटाच्या आतल्या बाजूला रंगीत फरश्यांची नक्षी आहे, ती मान वर करून पाहायला विसरू नकोस, असे त्या तरुणीने मला दोनदा बजावले. आपल्या माणसांची आठवण परक्या शहरातील लोकांनी इतक्या आपुलकीने सांगावी, याने मी फार हलून गेले.

बिलात पेयाशिवाय बसण्याचे पैसे वेगळे लावले होते. भाजीची वाटी त्यातच धरलेली असते. काही प्रवाशांना हे खटकते, मला मात्र ते रास्त वाटते. एवढ्याच खुर्च्यांवर ज्याचे पोट आहे त्याने बसण्याचे मोल का घेऊ नये? वर बक्षिसी द्यायची पद्धत इथे नाही, आणि ते मला अधिक आवडले. मिळालेली वागणूक पैशासाठी होती का, ही शंका मग उरतच नाही.

उद्या परिषदेचे शेवटचे सत्र दुपारी आहे. सकाळी यामाशिता उद्यानात जाईन आणि संध्याकाळी या मंडळींना घुमट पाहिल्याचे सांगायला नोगेत जाईन. रविवारी बार बंद असतो, असे मास्टरांनी निघताना आवर्जून सांगितले आहे.