अनुदान द्या, पण शस्त्रक्रिया मोजून नको

प्राणीकल्याण संस्थांना सरकारी पैसा द्यावा का, हा वाद भूतदयेपाशीच घुटमळत राहतो. मला वाटतं, तो सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने सोडवावा. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी तब्बल ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होतो आणि एकदा लक्षणं दिसली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर हा प्रसार थांबतो. संस्था हे काम करत असेल तर तिला पैसे देणं हे सरकारचं कर्तव्यच आहे, त्यात उपकार कसले?

लशीबरोबरच भटक्या कुत्र्यांची नसबंदीही करतात, म्हणजे लस न टोचलेली नवी पिल्लं वाढत नाहीत. घोळ होतो तो या कामाचे पैसे देण्याच्या पद्धतीत. दर नसबंदीमागे ठरावीक रक्कम ठरली की हाताला सहज लागणारी, माणसाळलेली कुत्री आधी उचलली जातात. त्यातही नर जास्त, कारण त्यांचं पोट उघडावं लागत नाही. आकडा फुगतो, पण गल्लीतली बुजरी मादी तशीच राहते. गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांत ती विते आणि तिची पिल्लं सहा महिन्यांपासून पुढे वयात येऊ लागतात.

या दरात पिंजऱ्यांचा खर्च बऱ्याचदा पुरेसा धरलेला नसतो, आणि तिथेच जनावराच्या जिवाशी खेळ होतो. भूल देताना पोट रिकामं लागतं, नाहीतर उलटी फुप्फुसात जाते. म्हणून कुत्रं आदल्या संध्याकाळी पकडून उपाशी ठेवावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर मादीला काही दिवस कोरड्या पिंजऱ्यात ठेवलं नाही, तर ती जखम चाटते, टाके उसवतात, पू होतो. पकडल्याची नेमकी जागा पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीत लिहायला हवी. भलत्याच ठिकाणी सोडलेलं कुत्रं तिथल्या टोळीशी भांडतं, नाहीतर परतीच्या वाटेवर गाडीखाली सापडतं.

त्यापेक्षा एकेक भाग ठरवून द्यावा, माद्या आधी घ्याव्यात आणि पैसे त्या भागातल्या नसबंदी झालेल्या कुत्र्यांच्या प्रमाणावर द्यावेत. तपासणी अवघड नाही. नसबंदीची खूण म्हणून भूल असतानाच कानाला खाच पाडतात. पहाटे ठरलेल्या वाटेने फिरून खाच असलेली, नसलेली कुत्री आणि दुधावरच्या माद्या मोजायच्या. मोजणारा माणूस मात्र संस्थेबाहेरचा हवा.

रक्कम आगाऊ, दर तिमाहीला मिळायला हवी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. वीज गेली तरी फ्रीज चालू राहील याची सोय लागते. हप्ता रखडला की पकडणारी माणसं दुसरं काम धरतात, तोवर नवी पिल्लं जन्मतात आणि लसीचं प्रमाण पुन्हा खाली येतं.

दत्तक मेळावे आणि जाहिराती देणग्यांवर चालाव्यात. पण क्रूरतेच्या खटल्यात जप्त केलेली जनावरं निकाल लागेपर्यंत संस्थेच्या दावणीला राहतात. त्यांचा चारा आणि औषधपाणी जप्तीच्या पहिल्या दिवसापासून सरकारनेच भरावं.