बिल्ड हिरवा, पडदा लाल

गुरुवार, कर्वेनगर

आज सकाळी टीमच्या रेपोच्या, म्हणजे सामायिक कोडसाठ्याच्या, मुख्य शाखेतला ताजा कोड उतरवून घेतला आणि आयडीई, म्हणजे कोड लिहायचा-तपासायचा प्रोग्रॅम, उघडला, तर पेमेंटच्या मॉड्यूलमधली जवळजवळ प्रत्येक फाइल लाल रेघांनी भरून गेली होती. जो क्लास, म्हणजे कोडचा एक घटक, सापडत नाही म्हणून ओरड चालली होती, तो शेजारच्याच टॅबमध्ये उघडा होता. टर्मिनलवर ग्रेडलची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाची, आज्ञा दिली, तेव्हा ही बांधणी, म्हणजे बिल्ड, विनातक्रार पूर्ण झाला आणि सगळ्या चाचण्याही पार पडल्या. कोड बरोबर होता. तो चुकीचा आहे असे सांगणारे साधनच चुकत होते, आणि एवढे ठरवण्यात अर्धा दिवस गेला.

आयडीई मेमरी खातो, उघडायला वेळ लावतो, ही सर्वांचीच तक्रार असल्यामुळे तिच्यात मला आता रस उरलेला नाही. मला खुपते ते वेगळेच आहे. डिस्कवरच्या फाइलींखेरीज हे साधन प्रकल्पाचे स्वतःचे एक चित्र बाळगते: कोणता क्लास कुठे आहे, कोणती मेथड (क्लासमधले नाव दिलेले एक काम) कोण वापरते, कोणते मॉड्यूल कशावर अवलंबून आहे. याच चित्रामुळे एका मेथडचे नाव बदलले की सर्व फाइलींमध्ये ते क्षणात बदलते, आणि ही सोय सोडून साध्या एडिटरकडे परतायची माझी मुळीच तयारी नाही. कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूप करणारा प्रोग्रॅम, मात्र त्या चित्राकडे ढुंकूनही पाहत नाही. तो फाइली वाचतो. सातबाऱ्यावर एकाचे नाव आणि शेत कसतो दुसराच, अशी या दोघांची गत झाली, की पडद्यावरची लाल रेघ नक्की कोणाच्या वतीने बोलते आहे, हे समजायला मार्ग राहत नाही.

महाविद्यालयात आम्ही टर्बो सी++ या जुन्या आयडीईवर शिकलो. जगाने ते केव्हाच मागे टाकले असूनही आमच्या प्रयोगशाळेत त्याचा निळा पडदा डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुखाने नांदत होता. इंटिजर 16 बिटांचा असल्यामुळे 32,767 च्या पुढे बेरीज गेली की उत्तर एकदम उणे येई, आणि निकाल पाहायला ऑल्ट-एफ5 दाबावे लागे. त्याची थोरवी गाण्याचा माझा हेतू नाही. पण 1983 सालच्या टर्बो पास्कलपासून त्या घराण्याची एक रीत होती: एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रॅममध्ये नांदत, आणि चूक सापडली की कंपायलर स्वतःच कर्सर त्या जागी नेऊन ठेवी. चूक दाखवणारा आणि चूक ठरवणारा एकच होता.

पुढे हे दोघे वेगळे झाले, आणि त्याला कारणही तसेच होते. अर्धवट टाइप केलेल्या ओळीतूनही अर्थ काढायचा, तर नेहमीचा कंपायलर त्या कामाला पुरत नाही. एक्लिप्सने जावासाठी स्वतःचा वेगळा कंपायलर बाळगला. तो चुका असलेला कोडसुद्धा चालवू देतो आणि चुकीची मेथड प्रत्यक्ष बोलावली गेली तरच त्रुटी फेकतो. 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषा समजणारा प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, जाहीर झाला, तेव्हापासून अनेक एडिटरांमध्ये भाषेची समज ही एका स्वतंत्र प्रक्रियेकडे सोपवलेली असते. सोयी वाढल्या, पण त्याबरोबर साक्षीदारही वाढले.

आजचे कारण शोधताना याचाच प्रत्यय आला. ग्रेडलचे एक प्लगइन काल कोणीतरी नव्या आवृत्तीवर नेले होते आणि त्याला जावा 17 लागत होते. टर्मिनल जावा होम, म्हणजे कोणते जावा वापरायचे हे सांगणारी संगणकावरची नोंद, पाहते आणि तिथे 17 होते. आयडीई मात्र ग्रेडल चालवण्यासाठी स्वतःच्या सेटिंगमधले 11 घेत होता. जावा 17 साठी तयार झालेल्या क्लास फाइलवर 61 हा आवृत्तीक्रमांक असतो आणि जावा 11 ला 55 पर्यंतच वाचता येते, त्यामुळे सिंक, म्हणजे आयडीईने ग्रेडलकडून प्रकल्पाची माहिती घेणे, अर्ध्यावर मोडला आणि प्रकल्प ज्यावर अवलंबून आहे त्या बाहेरच्या कोडची यादी अपुरी राहिली. प्रकल्पाचा एसडीके (प्रकल्पासाठी नेमलेला जावाचा संच), मॉड्यूलची भाषा-पातळी, ग्रेडलचे जेव्हीएम (ग्रेडल ज्यावर चालते ते जावा) आणि खुद्द आयडीई ज्यावर चालतो ते जावा, अशा चार जागी चार उत्तरे असू शकतात आणि ती चारही एकत्र दाखवणारी खिडकी मला तरी सापडलेली नाही. सिंक मोडल्याचा संदेश खालच्या पट्टीत, मिटलेल्या झाडाच्या तिसऱ्या फांदीवर होता. लाल रेघा मात्र थेट डोळ्यांसमोर होत्या.

मधल्या काळात शेजारच्या टीममधल्या मैत्रिणीने फोनवर नेहमीचा तोडगा सांगितला होता, "अगं, कॅश उडव आणि रिस्टार्ट कर." आयडीईने साठवून ठेवलेली ती माहिती उडवली. गुरुवार असल्यामुळे देखभालीसाठी वीज गेलेली होती आणि लॅपटॉप बॅटरीवर होता. इंडेक्सिंगची, म्हणजे प्रकल्पाचे ते चित्र पुन्हा बांधण्याची, पट्टी नव्याने शून्यापासून सरकू लागली, पंखा घोंगावू लागला आणि चार्ज डोळ्यांदेखत उतरला. पट्टी पूर्ण भरली तेव्हा लाल रेघा होत्या तशाच होत्या, कारण चूक कॅशमध्ये नव्हतीच. या तोडग्यावर माझा राग आहे तो यासाठी, की त्याने कधी काम झाले तरी नेमके काय बिघडले होते, हे कायमचे पुसले जाते.

दुपारी नव्याने रुजू झालेल्या मुलाचा मेसेज आला: "मॅम, सगळं लाल दिसतंय पण रन होतंय. कमिट करू का?" बदल पक्का नोंदवावा का, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. स्क्रीन शेअर करायला सांगितले. शेकडो खोट्या रेघांच्या गर्दीत एक खरी दडलेली होती. लिस्ट टाइप करताना सुचवण्यांच्या यादीतल्या पहिल्याच नावावर एंटर पडल्यामुळे जावाच्या युटिल पॅकेजऐवजी एडब्ल्यूटीमधली, म्हणजे खिडक्या-बटणांच्या जुन्या संचातली लिस्ट आयात झाली होती. त्याने रन केलेले मॉड्यूल वेगळे असल्यामुळे ती फाइल कंपाइल झालीच नव्हती. एरवी अशी रेघ कोणाच्याही नजरेतून सुटली नसती. आज ती दिसूनही न दिसल्यासारखी होती. खोट्या इशाऱ्यांत वेळ जातो ते एक वेळ परवडते, पण त्यांच्यामुळे नवा माणूस दोन दिवसांत सगळ्याच इशाऱ्यांकडे काणाडोळा करायला शिकतो.

ग्रेडलचे जेव्हीएम माझ्याकडे आणि त्याच्याकडे जावा होमवर नेऊन ठेवले, तेव्हा सिंक पूर्ण झाला आणि रेघा गेल्या. ही सेटिंगची फाइल रेपोमध्ये टाकावी की नाही, यावर टीममध्ये जुना वाद आहे. निम्म्या लोकांना स्वतःच्या मांडणीत कोणी हात घातलेला खपत नाही. म्हणून तूर्त रीडमी या माहितीच्या फाइलीत चार ओळी लिहिल्या आहेत आणि सोमवारच्या बैठकीत हा विषय काढणार आहे.