झोपलेल्या माणसाला सांगायची गोष्ट

अमेरिकेतल्या न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गावर सकाळी आठ वाजता अडकलं की पुढच्या गाड्या मोजण्यावाचून हातात काही उरत नाही. इथल्या एडिसन गावात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचं निम्मं आयुष्य या रस्त्यावर गेलंय. त्यामुळे अमेरिकन गायक पॉल सायमनच्या ‘अमेरिका’ गाण्याच्या शेवटी याच टर्नपाइकवरच्या गाड्या मोजणं आलं, तेव्हा मला हसूच फुटलं. अरे, हा तर आपला रोजचा रस्ता!

सायमन आणि गारफंकल यांच्या १९६८ च्या ‘बुकएंड्स’ या अल्बममधलं हे गाणं. सायमन जन्मानं इथलाच, नेवार्कचा. १९६४ साली तो मैत्रिणीबरोबर अमेरिका बघायला निघाला होता, त्या भटकंतीतून हे गाणं आलं. मैत्रीण कॅथी, इंग्लंडची. गाण्यातही ती याच नावानं येते. सिगारेटी आणि ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) घेऊन दोघं पिट्सबर्गला ग्रेहाउंडच्या बसमध्ये चढतात. त्याआधी मिशिगनमधल्या सॅगिनॉहून लिफ्ट मागत यायला त्याला चार दिवस लागलेले असतात. गाडीनं तो रस्ता सहा-सात तासांचा! (पुढं सॅगिनॉचे कारखाने बंद पडत गेले. २०१० च्या सुमारास तिथल्या काही जणांनी ओसाड इमारतींच्या भिंतींवर याच गाण्याच्या ओळी रंगवल्या.)

या गाण्यात यमक नाही. एकही नाही. चाल इतकी गोड की हे माझ्या लक्षात यायला कित्येक वर्षं गेली. बसमध्ये शेजारी बसल्यावर माणसं बोलतात तसंच ते आहे: त्या सुटातल्या माणसाकडे बघ, गुप्तहेर असणार; सिगारेट दे गं; संपल्या की मघाशीच. ती मासिक वाचते, हा खिडकीतून बघतो, शेतावर चंद्र उगवतो. आणि मग एकदम तो म्हणतो, कॅथी, मी हरवलोय. ती झोपलीय हे माहीत असताना म्हणतो.

गाण्याचा सगळा जीव मला तिथं वाटतो. ती जागी असती तर तो गुप्तहेराचाच विनोद पुढं रेटत बसला असता.

गेल्या वर्षी आईला नेवार्क विमानतळावरून आणत होतो. डिंकाचे लाडू कस्टमवाल्यांनी कसे उघडून पाहिले ते सांगता सांगता बाराव्या एक्झिटच्या आतच तिचा डोळा लागला. थॉमस एडिसनच्या नावाचा थांबा मागे पडला. पुढं लाल दिव्यांची रांग. मी हळूच म्हणालो, “आई, मला इथं अजून करमत नाही गं.”

ती हलली नाही. मी गाड्या मोजत राहिलो. दहाव्या एक्झिटला वळलो तेव्हा डोळे न उघडताच तिनं विचारलं, “लाडू फ्रिजमध्ये ठेवायचे नसतात, माहितीय ना?”