समदं पुण्य तुमीच न्हेता का?

माउलींची पालखी पुण्यातून सासवडला जाते तो टप्पा सगळ्यात लांबचा. पहाटे भवानी पेठेतून निघायचं, पूलगेट, हडपसर, वडकी नाला आणि मग दिवे घाट. यावर्षी मी आणि माझी मोठी नणंद तेवढाच चाललो. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जाणाऱ्यांसमोर याला वारी म्हणायला जरा लाजच वाटते, पण पुण्यात अशी पाव वारी करणारे ढिगाने आहेत, त्यातल्या आम्ही दोघी.

ताईंबद्दल आधी सांगते. रिटायर्ड शिक्षिका, सदाशिव पेठ, आणि देण्याच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरणार नाही. आमच्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा रात्रीचं बसणं त्यांनीच केलं, माझ्या दोन्ही बाळंतपणांचे डिंकाचे लाडू त्यांचेच. पण त्यांना काही द्यायला जा, नको म्हणजे नको. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आम्हाला घरी आल्यावर कळलं, का तर तुम्हाला कशाला त्रास. त्यांच्या डब्यातून काही आलं तर डबा रिकामा परत द्यायचा नाही हे आपल्याकडे असतंच, पण आम्ही भरून पाठवलेला डबा दोन दिवसांत पुन्हा भरून आमच्याच ओट्यावर येतो. यात हरायला होतं हो. इतक्या वर्षांत या बाईसाठी मी एक कप चहासुद्धा धड केलेला नाही, आणि खरं सांगायचं तर कधीकधी याचा रागच येतो.

तर वारीतसुद्धा ताईंच्या सॅकमध्ये सगळं स्वतःचं. पाणी, राजगिऱ्याच्या वड्या (त्या दिवशी योगिनी एकादशी होती), गुडघ्याचा पट्टा, बसायला पेपर. आणि बाहेर रस्त्यावर काय चाललेलं, तर पूलगेटपासून दर दहा पावलांवर कोणीतरी केळी घेऊन उभं, कुणी साबुदाणा खिचडी, कुणी चहा, कुणी फुकट दाढी करून देतंय, कुणी पाय चेपून देतंय. एक लहान मुलगी नुसती शेंगदाण्याची वाटी घेऊन उभी होती, येईल त्याच्या हातावर दोन-दोन दाणे. तुकोबांच्या चिरंजीवांनी, नारायण महाराजांनी, १६८५ साली पालखी सुरू केली, तेव्हापासून वाटेवरचे लोक असे उभे राहत असणार, केळ्यांच्या जागी भाकरी असेल एवढंच.

सगळंच देणं काही गोड नसतं म्हणा. टेम्पोतून बिस्किटांचे पुडे खाली फेकणारे पण होते, आणि टी-शर्टवर स्वतःचा फोटो छापून वारकऱ्याला केळं देताना कॅमेऱ्याकडे बघणारे पण. म्हातारे वारकरी ते केळं पण तेवढ्याच शांतपणे घेत होते. मला याचंच जास्त नवल वाटलं. रामकृष्ण हरी म्हणायचं, अर्धं मोडून शेजारच्याला द्यायचं, पुढे चालायचं. मिंधेपणा नाही आणि थँक्यूचा गोंधळ नाही. आपल्याला हे जमत नाही, आपण घेतलं की लगेच डोक्यात मीटर चालू, आता याचं कसं फेडायचं.

हडपसर गाडीतळाच्या जरा पुढे ताईंच्या चपलेचा अंगठा तुटला. तिथेच कडेला एक काका ऐरण आणि दोरा घेऊन वारकऱ्यांच्या चपला शिवत बसलेले. ताईंनी शिवून घेतली आणि पन्नासची नोट काढली.

"नाय माउली, आज नाय घेत."

"असं कसं, तुमची मेहनत आहे. घ्या हो."

"वर्षभर घेतोच की."

ताई नोट पुढे करतायत, काका हात जोडतायत, मागे रांग वाढतेय, माझी हालत अशी की कुठे बघू. शेवटी रांगेतली एक आजी, परभणीकडची होती बहुतेक, डोक्यावर तुळस, वैतागून म्हणाली, "ओ बाई, घिऊ द्या की त्येंला बी थोडं. समदं पुण्य तुमीच न्हेता का?"

लोक हसले. ताई नाही हसल्या. नोट पर्समध्ये ठेवली, आणि खाली वाकून त्या काकांच्या पाया पडल्या. काका दचकले, मग तेही ताईंच्या पायांना हात लावून मोकळे झाले. वारीत हे चालतंच, कोण मोठा कोण लहान, कोणाची जात काय, कोणी बघत नाही, सगळे माउली. उरलेलं वर्ष असं नसतं हेही खरंच, पण तो दिवस तरी तसा होता.

त्यानंतर वडकीपर्यंत ताई फार बोलल्या नाहीत. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपत होते, तिथे एका घोळक्यात आम्ही टेकलो. मी म्हणलं, ताई, पाय द्या इकडे, जरा दाबते. मला वाटलं नको म्हणणार. म्हणाल्याच. मग दोन मिनिटांनी, "डावाच दुखतोय फक्त."

डावा दाबला. माझा हात थरथरत होता, हे काय असं झालं कळेना. त्या मस्तानी तलावाच्या दिशेला बघत होत्या आणि मी त्यांच्या टाचेच्या भेगांकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं काहीतरी केलं, आणि बरं मला वाटत होतं.

बदलल्या वगैरे काही नाहीत हं. सासवडहून परत येताना दिवे घाट बंद, म्हणून बोपदेव घाटाकडून येणारी गाडी धरली, खच्चून भरलेली. एक कॉलेजचा मुलगा उठून म्हणाला, आजी बसा. "बस रे तू, दमला असशील." तो गुडघा घेऊन बाई पूर्ण घाट उभी. कोंढव्याच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा त्याच मुलाच्या खांद्यावर टकटक केलं, "ऊठ बाबा आता, बसते मी."

तो उठला. त्या बसल्या, आणि सॅक माझ्याकडे दिली धरायला.